पहिलं एअर पिस्तूल घ्यायचंय, बजेट मर्यादित आहे. सल्ला हवा (ठाणे / नवी मुंबई)

कोलशेतकर | ५ जून, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी,

वय ४४, राहणार ठाणे. डिसेंबरपासून नेमबाजी शिकतोय, १० मीटर एअर पिस्तूल. शनिवार-रविवार क्लबच्या रेंजवर जातो, ऑफिसातून लवकर सुटलो तर बुधवारीही. साठ शॉटमध्ये ६०० पैकी ४९० ते ५०५ च्या आसपास येतात. एकदा ५१२ आले होते, ते पुन्हा काही जमले नाहीत.

सध्या क्लबचं पिस्तूल वापरतो आणि तिथेच अडतंय. तेच पिस्तूल आणखी पाच जणांच्या हातात असतं. दर वेळी मागची साइट (नेम धरायची पट्टी) कुणीतरी फिरवलेली असते, मुठीवरचा तळहाताचा आधार वरखाली झालेला असतो. माझे पहिले पंधरा-वीस शॉट ते जुळवण्यातच जातात. हात बसतोय असं वाटायला लागतं तोवर पुढच्याची वेळ होते. म्हणून स्वतःचं घ्यायचं मनात आहे.

बजेट ६० हजार. मुलगी यंदा अकरावीला जातेय, त्यामुळे कर्ज किंवा हप्ता असलं काही करणार नाही. आतापर्यंत डोळ्यांसमोर आलेले पर्याय असे: दुकानात मिळणारं स्प्रिंगचं साधं एअर पिस्तूल, दहा हजारांच्या आत. ओळखीतल्या एका काकांकडचं जुनं रशियन बैकल आयझेडएच-४६एम, ते ३५ हजार म्हणतात. नवं हॅमर्ली एपी२०, पण ते बजेटच्या बाहेर जातंय. आणि खारघरला एक जण वापरलेलं स्टायर एलपी१० विकतोय, मागणी ८५ हजार.

मेव्हण्यांचं म्हणणं वेगळंच आहे: "एवढे पैसे घालतोस तर लायसन्स काढ आणि खरं रिव्हॉल्व्हर घे, घरात असलेलं बरं." मला त्यात रस नाही, पण घरात हा विषय रोज निघतो. जाणकारांनी त्यावरही लिहिलं तर दाखवायला बरं पडेल.

मुरबाडकर | ५ जून, रात्री ११:३५

आधी मेव्हण्यांचं बोलू, कारण ते मी घरात पाहिलेलं आहे. वडिलांकडे परवान्याची बंदूक होती. शेत जंगलाला लागून, रानडुकरांचा त्रास. गावाकडे परवाना जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळायचा. तुमच्याकडे ठाण्यात किंवा नवी मुंबईत तो पोलीस आयुक्तालयातून मिळतो. वय २१ पूर्ण हवं, शस्त्र का हवंय ते पटवून द्यावं लागतं, पोलीस पडताळणी होते, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. "घरात असलेलं बरं" एवढ्या कारणावर परवाना हातात पडत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच झाली.

किमतीचं म्हणाल तर कानपूरच्या सरकारी कारखान्याचं ३२ बोअरचं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर २०१४ साली बाजारात आलं, तेव्हाच ते सव्वा लाखाच्या घरात होतं.

आणि जे कुणी सांगत नाही ते सांगतो. निवडणुकीची आचारसंहिता लागली की वडील बंदूक गोणपाटात गुंडाळून एसटीने पोलीस ठाण्यात जमा करायला जायचे. पावती सांभाळायची, निकालानंतर परत आणायची. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, प्रत्येक वेळी. ते गेल्यावर बंदुकीचं काय करायचं या कागदपत्रांत आमचं वर्ष गेलं. आई तर ती घरातून गेली त्या दिवशी शांत झोपली. मेव्हण्यांना एवढं वाचून दाखवा.

शिवाय त्या रिव्हॉल्व्हरने तुमचा १० मीटरचा सराव होणार नाही. तो खेळच वेगळा.

जुई_नेरूळ | ६ जून, सकाळी ७:२०

मुरबाडकरांना +१.

एअर पिस्तुलाचा कायदा सरळ आहे. ४.५ मिमीपर्यंतचं, म्हणजे .१७७ चं, आणि २० जूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेलं एअर वेपन असेल तर परवाना लागत नाही. आपल्या स्पर्धेच्या पिस्तुलाचा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास. म्हणजे साडेपाच-सहा जूल. मर्यादेच्या खूप खाली. डीलर ओळखपत्र घेतो, नोंद करतो, बिल देतो. ते बिल आयुष्यभर जपा. वापरलेलं घेत असाल तर विकणाऱ्याचं मूळ बिल, त्याच्या ओळखपत्राची प्रत आणि तुमच्या दोघांच्या सहीचा विक्रीचा कागद घ्या. बिल नसेल तर कितीही स्वस्त असो, उठून या.

आता पर्यायांबद्दल. मी २०१६ पासून पिस्तूल मारतेय, राज्य स्पर्धेपर्यंत गेलेय. त्या अनुभवावरून सांगते.

स्प्रिंगचं घेऊ नका. दहा हजार वाचल्यासारखे वाटतील, पण सहा महिन्यांत जे शिकलात ते मोडेल. स्प्रिंग सुटते तेव्हा आतला जड पिस्टन पुढे जातो, पिस्तूल आधी मागे आणि लगेच पुढे झटका खातं, आणि हे सगळं छर्रा नळीत असतानाच होतं. चाप जड असतो, त्याची सुटण्याची जागा दर वेळी वेगळी. आपल्या खेळात चापाचं वजन, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, किमान ५०० ग्रॅम लागतं, आणि चांगल्या पिस्तुलात ते ५०० च्या अगदी जवळ आणून ठेवता येतं. दोन-अडीच किलोचा चाप ओढायची बोटाला सवय लागली की परत येताना फार त्रास होतो. माझ्या बॅचच्या एका मुलाचं हे झालंय. कोचनी सांगूनही त्याने घेतलं, आणि आठ महिन्यांनी त्याला पहिल्यापासून चाप शिकवावा लागला.

बाकी तिन्ही पिस्तुलं खरी स्पर्धेची आहेत. इथे एक हिशोब लक्षात घ्या. मागच्या आणि पुढच्या साइटमधलं अंतर साधारण ३२ सेंटिमीटर. साइट एकमेकींशी फक्त एक मिलिमीटर चुकली, तर १० मीटरवर छर्रा साधारण ३ सेंटिमीटर सरकतो. दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं आहे आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ ८ मिमीने दूर. म्हणजे हात अजिबात हलला नाही, तरी एवढ्याशा चुकीने दहाचा सात होतो. या तिघांतलं कुठलंही पिस्तूल पक्क्या आधारात धरून मारलं तर सगळे छर्रे दहातच जातील. तुमचे ४९५ आणि ५७० यांच्यातला फरक पिस्तुलात नाही. म्हणून "कुठलं जास्त अचूक" हा प्रश्न सोडा आणि "माझ्या हातात कुठलं बसतं" ते बघा.

खाडीवारा | ६ जून, दुपारी १:०५

माझ्याकडे अकरा वर्षांपासून ४६एम आहे, त्यामुळे बैकलबद्दल हक्काने लिहितो.

त्याला ना हवा भरून ठेवायचा सिलिंडर, ना वेगळा पंप. नळीखालची दांडी उघडायची, मिटवायची, एका दाबात एका शॉटची हवा भरते. दर वेळी तीच हवा, तोच दाब. ठाण्याच्या उकाड्यात किंवा पावसात काही फरक पडत नाही. चाप त्या किमतीला चकित करणारा आहे. नुसता चाप सोडायचा सराव करायचा असेल तर ते छर्र्याशिवायही करता येतं.

उणीवही सांगतो. वजन १.३ किलो, आणि तोल पुढे. नियमात कमाल दीड किलो चालतं, पण संध्याकाळी दिवसभराच्या कामानंतर हे एका हाताने धरून साठ शॉट आणि वर आधीचे सराव शॉट, शिवाय दर शॉटला ती दांडी मिटवायची. चाळिशीनंतर खांद्याला जाणवतं. मला जाणवलं. दोन वर्षं फिजिओ केली. सील गेलं तर सुटा भाग सहज मिळेल असं समजू नका. मी जुन्या पिस्तुलाची सीलं जमवून ठेवली आहेत.

३५ हजार मला जास्त वाटतात. मुठीचं लाकूड मूळ आहे का, की कुणी कानशीने घासून लहान केलंय, ते बघा. घासलेलं परत भरता येतं, पण लाकडाच्या पुट्टीत हात बसवायला वेळ जातो.

अनिकेत_कळवा | ६ जून, रात्री ९:१५

सहज विचारतो. एवढं महाग घेण्यापेक्षा ऑनलाइन सीओटूवर चालणारी पिस्तुलं मिळतात ना, दिसायला हुबेहूब खऱ्यासारखी, स्टीलचे बीबी, म्हणजे बारीक गोळे, मारणारी. आठ-दहा हजारांत. घरी बाल्कनीत कॅन ठेवून सराव करता येईल. सुरुवातीला तसं एखादं घेतलं तर काय वाईट?

जुई_नेरूळ | ६ जून, रात्री ९:५०

अनिकेत, मनापासून सांगते, घेऊ नकोस.

पहिलं, त्याची नळी आतून गुळगुळीत असते, त्यात वळणदार खाचा नसतात. स्टीलचा गोळा वाटेल तिकडे जातो. नेमबाजी त्यावर शिकताच येत नाही. दुसरं, स्टील मऊ नसतं. शिशाचा छर्रा आपटून चपटा होतो, स्टीलचा गोळा तसाच मागे येतो. एका ओळखीच्या मुलाचा डोळा जाता जाता वाचला. बाल्कनीत कॅनवर मारत होता, गोळा ग्रिलवरून परतला आणि भुवईत घुसला. तिसरं, ते खऱ्यासारखं दिसतं. बाल्कनीत पिस्तूल धरलेला माणूस समोरच्या इमारतीतून दिसला तर लोक पोलिसांना फोन करणारच, आणि ते बरोबरच करतील. खालच्या मजल्यावर मुलं खेळत असतात, कुणी वाळत घातलेले कपडे काढायला वाकलेलं असतं.

रेंजवर ये. आमच्याकडे दर महिन्याला नवीन मुलं येतात, पहिल्या दिवशी क्लबच देतो पिस्तूल. पनवेलला ऑलिंपिक नेमबाज सुमा शिरूर यांचा लक्ष्य क्लब आहे, वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. कळव्याहून ठाण्याला येऊन ट्रान्स हार्बरने पनवेल गाठता येतं. आपल्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला एअर रायफलमध्ये विश्वविजेता झाला. तोही कुठल्या तरी रेंजवर एक दिवस पहिल्यांदाच उभा राहिला असेल ना?

अनिकेत_कळवा | ६ जून, रात्री १०:०२

बीबी परत येतो हे मला खरंच माहीत नव्हतं. ताई, पनवेलला विचारून बघतो.

ऐरोली_चष्मा | ७ जून, सकाळी ११:४०

मी चष्म्याच्या दुकानात नंबर काढायचं काम करते आणि नवरा पिस्तूल मारतो, म्हणून हा धागा वाचत होते. धागाकर्त्यांचं वय ४४ वाचलं आणि थांबले. कुणी डोळ्यांचं विचारलंच नाही!

दादा, तुम्हाला मोबाइल थोडा लांब धरावा लागतो का? लागत असेल तर सहा महिन्यांतल्या तुमच्या अर्ध्या अडचणी पिस्तुलाच्या नाहीत. पिस्तूल मारताना नजर पुढच्या साइटवर ठेवायची असते. ती हाताच्या अंतरावर, पाऊण मीटरच्या आसपास. लांबच्या चष्म्यातून ती धूसर दिसते, वाचायच्या चष्म्यातून टार्गेट पार पुसलं जातं. यासाठी नेमाच्या डोळ्याला वेगळा नंबर काढतात, बहुतेक लांबच्या नंबरात +०.५० किंवा +०.७५ मिळवून. पुढच्या साइटच्या कडा स्वच्छ दिसतात आणि टार्गेटवरचा काळा गोळा थोडा धूसर दिसतो. तसाच तो दिसायला हवा.

माझ्या नवऱ्याने दोन वर्षं पिस्तुलं बदलली. शेवटी एका भिंगाने त्याची साइट काळी कुळकुळीत दिसायला लागली. पहिल्या दिवशी तो रेंजवरूनच फोन करून सांगत होता. शूटिंगची खास फ्रेम महाग असते, पण आधी साध्या फ्रेममध्ये भिंग बसवून बघा. दुसरा डोळा मिटू नका, दोन्ही डोळ्यांवर ताण येतो. समोर छोटं पट्टीसारखं झाकण लावा. नियमात ते ३० मिमीपेक्षा रुंद चालत नाही.

तपासायला येताना नेहमीच्या उभ्या पवित्र्यात हात सरळ करून पुढच्या साइटपर्यंतचं अंतर कुणाकडून तरी मोजून आणा.

कोलशेतकर | ७ जून, रात्री ८:३०

ताई, मोबाइल लांब धरावा लागतो. गेल्या दिवाळीपासून. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. पुढची साइट मला कधीच धारदार दिसली नाही, मला वाटायचं सगळ्यांना तशीच दिसते. येत्या आठवड्यात नंबर काढून घेतो.

मेव्हण्यांना मुरबाडकरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. एसटीतली बंदूक ऐकून सासूबाईच म्हणाल्या, "नको रे बाबा."

आता स्टायरचं विचारतो. खारघरचे गृहस्थ म्हणतात सगळं उत्तम आहे, बिल आहे, मुलगा बारावीनंतर परदेशी गेला म्हणून विकतायत. बघायला जाणार आहे. काय काय तपासू? आणि यांत्रिक चाप की इलेक्ट्रॉनिक, यातलं काय बरं?

नवघर_नाका | ७ जून, रात्री ९:४५

चापाबद्दल थोडक्यात. इलेक्ट्रॉनिक चाप फार स्वच्छ सुटतो, पण त्याच्यासोबत बॅटरी, सर्किट हे सगळं येतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलात पात्रता फेरीतच बिघाड झाला, दुरुस्तीत बरीच मिनिटं गेली, ५७५ वर थांबून अंतिम फेरी हुकली. पुढे पॅरिसला २८ जुलै २०२४ ला तिने कांस्य घेतलंच. तिच्यासोबत तिथे दुरुस्तीला माणसं होती, आपल्यासोबत कोण असणार? पहिल्या पिस्तुलाला यांत्रिकच बरं.

जुई_नेरूळ | ८ जून, सकाळी ६:५५

तपासणीचं सांगते, सगळं एका दमात लिहितेय.

सगळ्यात आधी सिलिंडर उतरवून त्यावरची तारीख वाचा. त्यात २०० बार दाबाची हवा असते. त्याचं आयुष्य जास्तीत जास्त दहा वर्षं धरलं जातं, ठोकलेल्या तारखेपासून. ते उलटलं असेल तर भरायचंच नाही. स्पर्धेत तपासणीला अडवतील, आणि अडवलं नाही तरी हातात धरायची वस्तू आहे ती. नवा सिलिंडर स्वस्त नसतो, तेव्हा तारीख जुनी असेल तर तेवढी रक्कम किमतीतून कमी करायला सांगा.

मग सिलिंडर भरलेला ठेवून गेजवरचा आकडा बघा आणि अर्धा-पाऊण तास गप्पा मारा. काटा खाली आला तर कुठेतरी गळतंय. सील बदलता येतं, पण माहीत असायला हवं.

चापाला ५०० ग्रॅमचं वजन टांगून बघा. नळी आकाशाकडे, वजन जमिनीवरून हळू उचला. उचललं जाऊनही चाप सुटला नाही तर ठीक. घरी पाण्याची बाटली हुकासकट बरोबर ५०० ग्रॅम भरून न्या.

मूठ हा सगळ्यात मोठा प्रश्न. तो मुलगा बारावीचा, तुम्ही ४४ चे, हातात फरक असणार. लहान, मध्यम, मोठी असे आकार असतात, डावी-उजवी वेगळी. धरा, डोळे मिटा, हात वर करा, डोळे उघडा. साइट आपोआप सरळ रेषेत आली पाहिजे. मनगट वळवून आणावी लागली तर ती मूठ तुमची नाही. असं वीस वेळा करा. लाज बाळगू नका, पैसे तुमचे आहेत.

आणि भरायचं कसं ते आधीच ठरवा. कंपनीप्रमाणे जोडणीचा आटा वेगळा असू शकतो. तुमच्या क्लबकडे स्टायरचा अडॅप्टर आहे का? नसेल तर हातपंप घ्यावा लागेल, आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत पंप मारला की आत पाणी जातं. ओलावा शोषणारा फिल्टर नसेल तर दोन पावसाळ्यांत आतून गंज.

सोबत कुणी हवं असेल तर मी रविवारी दुपारनंतर मोकळी आहे. खारघर मला जवळच.

खाडीवारा | ८ जून, सकाळी ९:१०

पावसावरून आठवलं. पिस्तूल फोमच्या केसमध्ये ठेवून कपाटात बंद करू नका. फोम ओल धरतो. माझ्या नळीवर एका पावसाळ्यात तांबूस ठिपके आले ते असेच. रेंजवरून आलं की कोरड्या फडक्याने पुसायचं, घामाचा हात लागतो ते धातूचे भाग तर नक्की. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या, त्या महिन्यातून एकदा बदलायच्या. घरात मुलं असतील तर पिस्तूल एका कुलपात आणि छर्रे दुसऱ्या. शिशाचे छर्रे हाताळल्यावर चहाआधी साबणाने हात.

मुरबाडकर | ८ जून, दुपारी १२:२०

एक विचारतो, मला माहिती हवी आहे. पुतणीला यंदा रेंजवर घालणार आहोत. लोकलमधून पिस्तूल नेताना कुणी अडवत नाही का? माझ्या डोक्यात अजून वडिलांचं गोणपाट आहे.

जुई_नेरूळ | ८ जून, दुपारी २:००

काका, अडवतात कधीकधी, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. स्टेशनवर बॅग तपासायच्या यंत्रात आकार दिसतो, आरपीएफचे लोक बाजूला घेतात. मी तीन गोष्टी एकाच पाकिटात, बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवते: बिलाची प्रत, क्लबचं ओळखपत्र, आधार. पिस्तूल कडक केसमध्ये, केसला कुलूप, छर्रे वेगळ्या कप्प्यात, आणि नळीत भगव्या रंगाची सेफ्टी दोरी. ती दोरी नळीतून आरपार गेलेली दिसली की आत छर्रा नाही हे कुणालाही कळतं. रेंजवर तर ती सक्तीचीच आहे.

मी आधीच सांगते, "स्पर्धेचं एअर पिस्तूल आहे, कागद दाखवू का?" केस स्वतः उघडत नाही, ते सांगतील तेव्हाच, आणि प्लॅटफॉर्मवर नाही, त्यांच्या खोलीत. ठाण्याला एकदा एका हवालदारांनी सगळं बघून विचारलं, "मनू भाकर मारते तेच का हे?" आणि मग त्यांच्या मुलीला कुठे घालता येईल ते विचारत बसले. माझ्या दोन गाड्या चुकल्या, पण पुतणीच्या वयाची ती मुलगी आता आमच्याकडे येते.

कोलशेतकर | १५ जून, रात्री १०:१०

काल-आजचं सविस्तर लिहितो, कुणाला तरी उपयोगी पडेल.

काल ऐरोलीला नंबर काढला. नेमाच्या डोळ्याला +०.७५ जास्त लागला. दुकानात चाचणीच्या फ्रेममध्ये भिंग घालून हात लांब केला, अंगठ्याच्या नखाची कड दिसली. कित्येक महिन्यांत त्या अंतरावर इतकं स्वच्छ काही बघितलं नव्हतं.

आज जुईताई सोबत आल्या. खारघरचे गृहस्थ सज्जन आहेत, चहा-पोहे केले, बिल फाइलमध्ये लावून ठेवलेलं. सिलिंडर दोन होते. एकावर २०१३, दुसऱ्यावर २०१४. दोन्ही बाद. त्यांना हे माहीतच नव्हतं, मुलगाच सगळं बघायचा. गेजचा काटा चाळीस मिनिटांत हलला नाही. बाटली टांगली, चाप धरून राहिला.

पण मूठ मोठ्या आकाराची निघाली. डोळे मिटून वीस वेळा हात वर केला, सतरा वेळा पुढची साइट डावीकडे. ताईंनी तळहाताचा आधार वर घेतला, खाली घेतला, तरी माझं बोट चापाच्या मधोमध पोचेना. कडेने ओढलं की नळी सरकते हे मला तिथे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. नवी मूठ आणि नवा सिलिंडर धरला तर ८५ चं सव्वा लाखाच्या पुढे जातं. मी नाही म्हणालो. त्यांना वाईट वाटलं असेल, पण निघताना म्हणाले, "माझ्या मुलाच्या वेळी कुणी मूठ हातात धरून बघायला लावली असती तर बरं झालं असतं, त्यालाही ती मोठीच होत होती."

परतताना ताईंनी त्यांचं जुनं हॅमर्ली एपी२० हातात दिलं. किलोच्या आतलं, हलकं. वीसपैकी एकोणीस वेळा साइट सरळ. ताई ते त्यांच्या विद्यार्थ्यांना देतात, विकायचं नाहीये. पण मला काय हवंय ते आज कळलं.

खाडीवारा | १५ जून, रात्री १०:४५

मग बैकलचं काय ठरलं?

कोलशेतकर | १५ जून, रात्री ११:००

काकांकडे जाऊन धरून बघितलं परवा. चाप तुम्ही म्हणालात तसाच, फार सुंदर. पण दहाव्या शॉटला खांदा भरून आला. तुमची दोन वर्षांची फिजिओ आठवली आणि ठेवून दिलं.

नवघर_नाका | १६ जून, सकाळी ८:१५

मग आता घाई कशाला? पॅरिसला तुर्कस्तानचा युसुफ डिकेच नेहमीचा चष्मा घालून, एक हात खिशात घालून मिश्र संघाचं रौप्य घेऊन गेला. पण त्याच्या हातातलं पिस्तूल त्याच्या हाताचं होतं. क्लबला विचारा, मूठ वेगळी ठेवता येते का. स्क्रूवर असते, काढता-घालता येते. तुमच्या आकाराची एक मूठ तुम्ही घ्या, क्लबच्या पिस्तुलाला तुमच्या वेळेपुरती लावा. साइट फिरवायच्या खाचा मोजून वहीत लिहा. पंधरा शॉट वाया जाणं तिथेच थांबेल.

जुई_नेरूळ | १६ जून, सकाळी ८:४०

हे फार चांगलं सुचवलंत. कोलशेतकर, तुमच्या कोचना विचारा, बहुतेक नाही म्हणणार नाहीत. त्या मुठीवर ओल्या लाकडी भुशाची लुगदी लावून तुमच्या हाताचा ठसा घेऊ, मी दाखवते. पुढे एपी२० घेतलंत तर मूठ बदलेल, पण तुमचा हात कसा बसतो ते तोवर पक्कं झालेलं असेल.

कोलशेतकर | ३० ऑगस्ट, रात्री ९:२५

अडीच महिन्यांनी परत लिहितोय.

कोच हो म्हणाले. मध्यम आकाराची मूठ घेतली, जुईताईंनी दोन रविवार बसून ती माझ्या हाताला घासून-भरून दिली. क्लबच्या पिस्तुलाला माझ्या वेळेत तीच लागते. साइटच्या खाचा वहीत. भिंग बसवलेला चष्मा. मुठीचे आणि चष्म्याचे मिळून बजेटच्या पंचमांशाहून कमी गेले. बाकीचे वेगळ्या खात्यात ठेवलेत, त्यात दर महिन्याला भर घालतोय.

रोज रात्री जेवणाआधी कोऱ्या भिंतीसमोर दहा मिनिटं नुसता हात धरायचा सराव करतो, हातात पाण्याची किलोची बाटली. मुलगी घड्याळ लावते.

गेल्या शनिवारी ५२८, आज ५३४. शेवटच्या दहा शॉटमध्ये ९३.

एपी२० साठी डीलरशी बोलणं झालंय, दिवाळीनंतर येतील म्हणाले. मध्यम आकाराचंच हवं असं लिहून दिलंय. जुईताई, एक राहिलंच: सिलिंडरची तारीख नव्या पिस्तुलावरही दुकानातच बघून घ्यायची ना? दुकानात वर्षभर पडून राहिलेलं असेल तर?

जुई_नेरूळ | ३० ऑगस्ट, रात्री ९:४०

हो, दुकानातच. बिल करायच्या आधी. आणि बाटली विसरू नका. ९३ बद्दल मनापासून अभिनंदन.